गांजा तराजूत घालणारा डॉक्टर

सलाइन, तार आणि गांजा. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न क्विझमध्ये आला तर तुम्ही बहुतेक ‘पास’ म्हणाल. सलाइन तुम्ही दवाखान्यात पाहिलेलं असतं. तार, म्हणजे जुना टेलिग्राम, आजी-आजोबांच्या गोष्टींतून ऐकलेली असते. दारात तारवाला दिसला की घरात आधी रडारड सुरू व्हायची आणि तार नंतर वाचली जायची. आणि गांजा? त्याच्यावर मीम्स येतात, सिनेमात विनोद येतात, अधूनमधून कुठल्यातरी हॉस्टेलवर धाड पडल्याची बातमी येते.

या तिन्ही गोष्टींच्या इतिहासात एकच नाव सापडतं : विल्यम ब्रूक ओशॉनेसी. जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. मृत्यू १८८९ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या साउथसी गावात. मधल्या काळातली त्याची सगळ्यांत महत्त्वाची वर्षं गेली ती कलकत्त्यात.

त्याची गोष्ट आज सांगायला एक कारण आहे. अमेरिकेतल्या तीन डझनांपेक्षा जास्त राज्यांत आज सरकारी देखरेखीखाली गांजापासून बनवलेली औषधं पेशंटना मिळतात. तिथे नाव नोंदवणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं कारण कॅन्सर नाही, फिट्सही नाहीत. ते आहे जुनाट दुखणं. कंबर, सांधे, मज्जातंतू. तीन-तीन महिने, कधी वर्षानुवर्षं न थांबणारी वेदना. या पेशंटना किती औषध द्यायचं, कोणाला द्यायचं आणि गुण आला हे ओळखायचं कसं, यावर तिथली राज्य सरकारं आजही डोकं खाजवतायत. नेमके हेच प्रश्न ओशॉनेसीनं १८३८ मध्ये कलकत्त्याच्या एका वॉर्डात स्वतःला विचारले होते.

बाविसाव्या वर्षी काय केलं?

ओशॉनेसी एडिंबराहून डॉक्टर होऊन बाहेर पडला तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. लंडनमध्ये प्रॅक्टिस करायला लागणारा परवाना त्याला मिळाला नाही. डिग्री हातात, पण दवाखाना टाकता येत नाही, अशी अवस्था. प्लेसमेंटचं टेन्शन काय असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग त्यानं केमिस्ट्रीचा रस्ता धरला. विषं कशी ओळखायची, हा त्याचा विषय. लहान मुलांना विकल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी मिठाया त्यानं तपासल्या आणि त्यांचे रंग शिसं, तांबं, पारा असल्या धातूंपासून बनवलेले आहेत हे दाखवून दिलं.

१८३१ च्या शेवटी इंग्लंडमध्ये कॉलरा आला. सुरुवात झाली सुंडरलंड या बंदरातून. तेव्हाचे डॉक्टर कॉलऱ्यावरही सवयीनं तेच करत होते जे प्रत्येक रोगावर करायचे : पेशंटचं रक्त काढणं. ओशॉनेसी सुंडरलंडला गेला, पेशंटच्या रक्ताचं पृथक्करण केलं आणि सांगितलं, की या रक्तातलं पाणी गेलंय, क्षार गेलेत आणि हेच सगळं जुलाबातून बाहेर पडतंय. म्हणजे जे गेलं ते परत शिरेतून आत घाला. वय वर्षं बावीस! काही महिन्यांत, १८३२ मध्ये, थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरनं ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि मरणाच्या दारातले काही पेशंट उठून बसले. साथ ओसरल्यावर मात्र ही पद्धत कित्येक वर्षं मागे पडली. आज कुठल्याही सरकारी दवाखान्यात स्टँडला लटकलेली बाटली दिसते, तिचं मूळ तिथे आहे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ओशॉनेसीला नवीन औषध सापडलं नव्हतं. पाणी आणि मीठ सगळ्यांकडेच होतं. काय कमी झालंय आणि किती, हे त्यानं मोजलं, एवढंच.

कलकत्त्याच्या बाजारात

१८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सहायक सर्जनची नोकरी घेऊन तो कलकत्त्याला आला. १८३५ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ओशॉनेसी तिथे केमिस्ट्री आणि औषधशास्त्र शिकवू लागला. मुलांसाठी केमिस्ट्रीचं पुस्तकही लिहिलं.

औषधशास्त्र शिकवायचं तर युरोपातून बोटीनं येणाऱ्या महागड्या बाटल्यांवर किती दिवस अवलंबून राहणार? इथल्या बाजारात, इथल्या वैद्य-हकिमांच्या पेटीत काय आहे, याचा तो शोध घेऊ लागला. त्यात एक वनस्पती सगळीकडे होती. पानं वाटून प्यायली की भांग, मादी झाडाचे राळेनं चिकट झालेले फुलोरे वाळवून ओढले की गांजा आणि नुसती राळ गोळा केली की चरस. आयुर्वेदातली विजया ती हीच. युरोपातल्या डॉक्टरांना मात्र या कुळातलं झाड ठाऊक होतं ते प्रामुख्यानं दोरखंडासाठी.

इथे ओशॉनेसी दोन गोष्टी करू शकला असता. गोऱ्या साहेबाच्या तोऱ्यात हे सगळं अडाणी लोकांचं व्यसन म्हणून सोडून देता आलं असतं. किंवा पूर्वेची जादूची बुटी म्हणून लंडनला विकता आलं असतं. त्यानं आधी विचारपूस केली. संस्कृत ग्रंथांसाठी एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि मेडिकल कॉलेजचे मधुसूदन गुप्त यांची मदत घेतली. फारसी आणि अरबी परंपरेसाठी हुगळीचे सय्यद करामत अली आणि तेहरानचे एक हकीम, मिर्झा अब्दुल रझेस, यांना गाठलं. भांग आणि माजूम नेमकी कशी बनवतात, हे बनवणाऱ्यांकडूनच माहीत करून घेतलं. आणि ही नावं त्यानं आपल्या निबंधात लिहून ठेवली. त्या काळात हे सरसकट होत नव्हतं.

मग आले प्राणी. पहिला मान एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला मिळाला. नेपाळी चरस दहा ग्रेन, दारूत विरघळवून. अर्ध्या तासात कुत्रं पेंगायला लागलं, मध्येच दचकून उठायचं, अगदी तृप्त असल्यासारखी शेपटी हलवायचं, दिलेलं खाणं अधाशासारखं खायचं आणि हाक मारली की झोकांड्या खात यायचं. सहा तासांत पुन्हा ठणठणीत. नंतर मांजरं, डुकरं, गिधाडं, कावळे, मासे, घोडे, हरणं, माकडं, शेळ्या, गाई, सगळ्यांवर प्रयोग झाले. मांस खाणाऱ्यांना चढते, चारा खाणाऱ्यांना फारशी चढत नाही, अशीही नोंद त्यानं केली. वाचताना हसू येतं, पण प्रत्येक ठिकाणी डोस लिहिलेला आहे, वेळ लिहिलेली आहे.

एक डोस, तीन माणसं

६ नोव्हेंबर १८३८. संधिवाताचे तीन पेशंट. दुपारी दोन वाजता प्रत्येकाला राळेचा एक-एक ग्रेन दिला गेला. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या जुन्या सोनारांच्या भाषेत अर्धी गुंज.

चार वाजता एक जण भडाभडा बोलायला लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला आणि आपल्याला काहीच झालेलं नाही असं सांगू लागला. रात्री आठ वाजता ओशॉनेसीला तातडीचा निरोप आला. पेशंट बेशुद्ध! नाडी ठीक, श्वास ठीक, पण हात वर केला तर हात तसाच वर राहायचा. जिथे ठेवाल तिथे, मेणाच्या पुतळ्यासारखा. मध्यरात्र उलटल्यावर तो शुद्धीवर आला. दुसऱ्या पेशंटवर असर झाला, पण बेताचा. आणि तिसरा? त्याला काहीच झालं नाही. चौकशी केल्यावर कळलं, की हा गडी चिलीम ओढणारा होता, शरीराला सवय झालेली होती.

आजच्या पेन क्लिनिकमधल्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रसंग ऐकवा, तो मान डोलावेल. तोच डोस, तोच आजार, आणि तीन माणसांत तीन तऱ्हा. ओशॉनेसीनं यातून धडा घेतला आणि पुढच्या पेशंटचा डोस निम्म्यावर आणला. अर्ध्या ग्रेनवर त्याला जे दिसलं ते असं : बहुतेकांची वेदना कमी झाली, भूक सगळ्यांचीच वाढली, मन प्रसन्न झालं, कामेच्छा वाढली आणि भ्रम कोणालाच झाला नाही.

या पेशंटमध्ये एक म्हातारा, पिळदार अंगाचा मजूर होता. ओशॉनेसीनं त्याच्याबद्दल लिहिताना एक शेरा मारलाय. हा संधिवाताचं ढोंग करणारा आहे, असा. अर्धा ग्रेन पोटात गेल्यावर दोन तासांत हे म्हातारबाबा खुलले, वॉर्डात सगळ्यांना गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, दोन माणसांचं जेवण फस्त केलं आणि गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच औषध पुन्हा द्या म्हणून गळ घातली. आणखी काही दिवस औषध मिळालं आणि मग त्यांना घरी पाठवलं.

आता जरा थांबून विचार करा. आयुष्यभर ओझी वाहिलेला म्हातारा माणूस सांधे दुखतात म्हणून दवाखान्यात येतो आणि डॉक्टर लिहितो, ढोंगी आहे. वेदना एक्स-रेमध्ये दिसत नाही. तेव्हा तर एक्स-रेही नव्हता. जुनाट दुखणं असणाऱ्या माणसाच्या वाट्याला पहिली गोष्ट येते ती ही. नाटकं करतोय. कामचुकार आहे. हे सगळं मनाचे खेळ आहेत. त्यात त्याला बरं वाटणारं औषध गांजासारखं असेल, तर मग विचारायलाच नको. सव्वादोनशे शब्दांच्या एका मेसेजमध्येही तुम्ही तुमच्या मायग्रेनवाल्या मैत्रिणीला असा संशय कळवला असेल, नकळत.

ओशॉनेसी मोठा होता, पण त्याच्या काळाच्या बाहेरचा नव्हता, हेही सांगायला हवं. लेखी संमती वगैरे प्रकार तेव्हा नव्हतेच. वॉर्डातली गरीब माणसं कंपनीच्या डॉक्टरला नाही म्हणू शकत होती का, हे तुम्हीच ठरवा.

बरं करणं आणि आराम देणं

संधिवातावर तो थांबला नाही. पिसाळलेला कुत्रा चावलेला एक हकीम त्याच्याकडे आला. पाण्याच्या नुसत्या दर्शनानं तडफडत होता. रेबीज झाल्यावर तेव्हाही उपाय नव्हता आणि आजही जवळजवळ नाहीच. गांजाच्या अर्कानं तो माणूस शांत झाला, संत्र्याचा रस चोखू शकला, थोडा भात गिळू शकला. काही दिवसांनी तो गेला. ओशॉनेसीनं ही केस यशाच्या खात्यात टाकली नाही. औषधानं जीव वाचला नाही, पण शेवटच्या दिवसांचा छळ कमी झाला, असं त्यानं मांडलं. धनुर्वाताच्या पेशंटमध्ये स्नायूंचे झटके सैल झालेले त्यानं पाहिले. आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बाळाला येणाऱ्या फिट्सवर त्यानं एकेका थेंबानं सुरुवात करून डोस वाढवत नेला. ते बाळ वाचलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गांजातल्या कॅनाबिडिऑल या घटकापासून बनवलेल्या ‘एपिडायोलेक्स’ औषधाला मान्यता दिली, ती लहानपणी सुरू होणाऱ्या दोन दुर्धर फिट्सच्या आजारांसाठीच.

ऑक्टोबर १८३९ मध्ये त्यानं हे सगळं कलकत्त्याच्या वैद्यकीय संस्थेसमोर वाचलं. तोटेही लपवले नाहीत. सतत गांजा ओढणाऱ्यांना होणारा भ्रम कसा दिसतो, याचं वर्णन त्याच निबंधात आहे. सुरुवात अगदी कमी डोसनं करा, हा त्याचा आग्रह.

१८४१ मध्ये रजेवर इंग्लंडला जाताना त्यानं हा माल सोबत नेला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या पीटर स्क्वायर या औषध विक्रेत्यानं त्याचा अर्क बनवला आणि बघता बघता युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत बाटल्या दिसू लागल्या. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातही १८५१ पासून हे औषध आलं. पुढे राणी व्हिक्टोरियाचे एक डॉक्टर जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये मायग्रेन आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी त्याची शिफारस केली. बाय द वे, राणी स्वतः पाळीच्या दुखण्यासाठी गांजा घ्यायची, अशी रील तुमच्याकडे आली असेल तर फॉरवर्ड करू नका. त्याला पुरावा नाही.

डॉक्टरसाहेब तारवाले होतात

इथून पुढे ओशॉनेसीनं ट्रॅक बदलला. विजेचं वेड त्याला आधीपासूनच होतं. १८३९ मध्येच, कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनजवळ, त्यानं बांबूंवर मैलोन्‌मैल तार टांगून संदेश पाठवून पाहिले होते. संदेश ‘वाचायचा’ कसा? बोटाला बसणाऱ्या विजेच्या हलक्या झटक्यांवरून! मोर्सची प्रसिद्ध लाइन अमेरिकेत सुरू झाली ती १८४४ मध्ये. पण तेव्हा कंपनी सरकारनं लक्ष दिलं नाही.

१८५० नंतर गव्हर्नर जनरल डलहौसीनं लक्ष दिलं. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन झाली. शिवचंद्र नंदी हा बंगाली सहकारी त्याच्या सोबत होता. वादळं आणि माकडं यांना पुरून उरेल अशी जाड लोखंडी सळई त्यानं तारेऐवजी वापरली. १८५४ मध्ये आग्र्यापर्यंत तार पोचली, मग मुंबई आणि मद्रासही जोडलं गेलं. १८५५ पासून सामान्य माणसाला पैसे भरून तार करता येऊ लागली. १८५६ मध्ये तो ‘सर’ झाला. पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव दडपताना इंग्रजांना याच तारांचा मोठा उपयोग झाला. हाही त्याच्या कामाचा हिशोब आहे आणि तो आपण विसरायचं कारण नाही. १८६० च्या सुमारास तो आजारी रजेवर मायदेशी गेला, निवृत्त झाला, आडनाव बदलून ब्रूक लावू लागला आणि लोकांच्या विस्मरणात गेला. आपल्याकडची तारसेवा बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये.

तराजू हरवला

गांजाच्या औषधाचं पुढे काय झालं? ते बाद होण्याचं एक कारण फार साधं होतं. प्रत्येक बाटली वेगळी निघायची. कुठल्या शेतातला माल, किती जुना, राळ किती, कशाचाच पत्ता नाही. एका बाटलीनं काहीच व्हायचं नाही, दुसरीनं माणूस भुईसपाट. इंजेक्शनची सुई आली, मॉर्फिन पाण्यात विरघळायचं, ते टोचता यायचं. गांजाची राळ पाण्यात विरघळत नाही. १८९९ मध्ये अॅस्पिरिन बाजारात आलं. गोळी कुठेही घ्या, डोस तोच.

इकडे हिंदुस्थान सरकारनं १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर एक मोठा आयोग नेमला. हजारावर साक्षी घेऊन आयोगानं सांगितलं, की माफक वापरानं फारसं नुकसान नाही, अतिरेकानं आहे. बंदी घालू नका, परवाने आणि कर लावून नियंत्रण ठेवा. जग मात्र उलट दिशेनं गेलं. अमेरिकेनं १९३७ मध्ये जबर कर लावून हे औषध डॉक्टरांच्या हातून काढलं, १९४२ मध्ये औषधकोशातून वगळलं आणि १९७० मध्ये केंद्रीय कायद्यानं ते सगळ्यांत कडक यादीत टाकलं. संशोधन करणंही मुश्कील झालं. दुखणाऱ्या माणसानं काय केलं? ज्याला परवडलं त्यानं कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलं. डोस? अंदाजपंचे.

मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून औषधी वापराला परवानगी दिली. एकामागून एक राज्यं आली. सगळ्यांचे नियम वेगळे. मिनेसोटाचं उदाहरण घ्या, कारण त्यांनी सगळं सावकाश आणि वहीपेन्सिल घेऊन केलं. २०१५ च्या जुलैत योजना सुरू झाली तेव्हा यादीत जुनाट दुखणं नव्हतंच. इतर उपायांना दाद न देणारी वेदना २०१६ मध्ये आली आणि सरसकट जुनाट वेदना २०२० मध्ये. डॉक्टर तिथे चिठ्ठी लिहून देत नाही, कारण केंद्राच्या कायद्यात ते बसत नाही. तो फक्त दाखला देतो, की या माणसाला अमुक आजार आहे. पेशंट राज्य सरकारकडे नोंदणी करतो. परवाना असलेल्या केंद्रात फार्मासिस्ट त्याच्याशी बोलून डोस ठरवतो. माल लॅबमधून तपासलेला आणि घटक मिलिग्रॅममध्ये छापलेले. सुरुवातीला गोळ्या, तेल, द्रव एवढंच मिळायचं. ओढण्यासाठी सुके फुलोरे २०२२ पर्यंत मिळत नव्हते.

आणि मुख्य म्हणजे पुढे काय झालं, हे पेशंटला विचारलं जातं. वेदनेच्या पहिल्या तुकडीचा अहवाल आरोग्य विभागानं काढला, त्यात मध्यम ते तीव्र वेदना असलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांची वेदना ३० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. पण हा फरक चार महिने टिकला तो २२ टक्क्यांमध्ये. बघा, हे आकडे ना बंदीवाल्यांच्या कामाचे आहेत ना जाहिरातवाल्यांच्या. काहींना खरंच फायदा होतो, बऱ्याच जणांना नाही. शिवाय इथेही ओशॉनेसीसारखीच उणीव आहे. ज्यांना औषध दिलं नाही अशा माणसांशी तुलना नाही.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेवर उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे असं म्हटलं आणि त्याच अहवालात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचा धोका वाढण्याशी असलेला संबंधही मांडला. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून पाठिंबा द्यायला नकार दिला. विमा खर्च देत नाही, त्यामुळे औषध खिशातून घ्यावं लागतं. म्हणजे ज्याचं काम दुखण्यामुळे सुटलंय, त्यालाच ते परवडत नाही.

मग आपण काय घ्यायचं यातून?

गांजा घ्यायचा, असं कोणी समजू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणं गुन्हा आहे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे. औषधी आणि वैज्ञानिक कामासाठी लागवडीला परवानगी द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. शिवाय आपल्या वयात मेंदूची घडण अजून चालू असते, त्यामुळे धोका आपल्याला जास्त. शनिवारी रात्री मित्राच्या रूमवर जे चालतं त्याला औषध म्हणणं हा वॉर्डातल्या त्या पेशंटचा अपमान आहे.

घ्यायची असेल तर त्याची सवय घ्या. कोणी एखादी गोष्ट वाईट म्हणाला, विचारा, किती घेतल्यावर? कोणी चमत्कार म्हणाला, विचारा, किती जणांवर, किती दिवस? ओशॉनेसीकडे ना आजच्यासारखी लॅब होती ना सॉफ्टवेअर. एक तराजू होता, घड्याळ होतं आणि उलट निकाल आला तरी लिहून ठेवायची तयारी होती.

आणि त्याच्याकडून जे राहिलं तेही बघा. तो म्हातारा मजूर. त्याचं नाव निबंधात नाही. काही दिवस औषध मिळालं, घरी सोडलं, नोंद संपली. जुनाट दुखण्याची खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते. घरी गेल्यावर, पुन्हा ओझं उचलल्यावर, औषध संपल्यावर चौथ्या महिन्यात त्याचे सांधे कसे होते? हा प्रश्न १८३८ मध्ये त्याला विचारायला कोणी गेलं नाही. मिनेसोटात आता तो फॉर्मवर छापलेला असतो. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी वर्षभर दुखतंय असं सांगत असेल, तर त्याला तो विचारायला फॉर्मसुद्धा लागत नाही.